पान बदलले, सूचीचे काय?



कामगाराचे पोट नोंदीवर चालते. हजेरीपटावर खूण नसेल तर दिवसभर राबूनही तो दिवस खाड्याचा ठरतो. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावर एक आकडा चुकला तर म्हातारपणी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. म्हणून संघटनेच्या कामात पडलेल्या माणसाला कायद्याची कलमे पाठ असोत वा नसोत, वही वाचता आली पाहिजे, असे आमच्या वडीलधाऱ्या कार्यकर्त्यांनी आम्हांला आरंभीच बजावले होते. आम्ही शाळेत फार दिवस काढलेले नाहीत. जे काही वाचले ते दोन द्वारसभांच्या मधल्या वेळात वाचले. पण वही वाचण्याची सवय तेव्हा लागली ती कायमची.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे नव्या तऱ्हेचे कामगार येऊ लागले आहेत. त्यांच्या हाताला तेल लागलेले नसते, गळ्यात ओळखपत्राची फीत असते, आणि रात्रपाळीला पुण्यात किंवा मुंबईत बसून ते परदेशातील बँकांच्या व विमा कंपन्यांच्या संगणकांची देखभाल करतात. त्यांच्या तक्रारी मात्र जुन्याच आहेत : जादा तासांच्या, बदलीच्या, आरोपपत्राच्या आणि चौकशीच्या. त्यांची बाजू मांडायची तर त्यांची वही आम्हांला वाचता यायला हवी होती. यंत्र बनविणाऱ्या कंपनीची हस्तपुस्तके कोणालाही वाचायला खुली आहेत. ती आम्ही वाचली. अडले तिथे आमच्या तरुण सभासदांनी शेजारी बसून समजावून दिले. त्यातलाच एक लहानसा भाग आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

विषय असा. मोठ्या संगणकाच्या दप्तरातील एखादा मजकूर माणसाने स्वतः पडद्यावर न बदलता एखाद्या प्रोग्रामने बदलला, तर कोणी बदलला, केव्हा बदलला, किती ओळी बदलल्या, या सूचीतल्या नोंदीचे काय होते? आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. मजकूर आणि सूचीतील नोंद या दोन वेगळ्या वस्तू आहेत, त्या वेगवेगळ्या हुकमांनी लिहिल्या जातात, आणि एक बदलली म्हणून दुसरी आपोआप खरी ठरत नाही. सूचीत ज्याचे नाव आहे त्याची नोकरी कधी कधी एवढ्या एका गोष्टीवर टांगलेली असते.

यंत्र कोणते?

७ एप्रिल १९६४ रोजी अमेरिकेतील आयबीएम कंपनीने ‘सिस्टिम/३६०’ ही संगणकांची मालिका जाहीर केली. तोपर्यंत एका जातीच्या यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या जातीच्या यंत्रावर बहुधा चालत नसे. मोठे यंत्र घेतले की जुने सगळे काम नव्याने लिहावे लागे. या मालिकेतील लहानमोठी यंत्रे एकमेकांचे प्रोग्राम चालवू शकतील, अशी व्यवस्था कंपनीने केली. तिचे वंशज आज ‘झेड’ या नावाने विकले जातात. अशा यंत्राला मेनफ्रेम म्हणतात. त्याला चालविणाऱ्या मूळ व्यवस्थेचे नाव पूर्वी ओएस/३६० होते, आज झेड/ओएस आहे. नावे बदलली, वेग कित्येक पटींनी वाढला, पण दप्तर ठेवण्याची जी रीत आम्ही सांगणार आहो ती त्या पहिल्या व्यवस्थेपासूनची आहे आणि आजही रोजच्या वापरात आहे.

आपल्याकडील कामगार चळवळीचा या यंत्रांशी संबंध जुना आहे. १९६० नंतरच्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक आणण्याच्या प्रश्नावर कर्मचाऱ्यांनी मोठा लढा दिला. पुढे केंद्र सरकारने ऑटोमेशनच्या प्रश्नावर समिती नेमली. पुण्याच्या गोखले संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर तिचे अध्यक्ष होते, आणि तिचा अहवाल १९७२ साली आला. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात यंत्रीकरणाविषयी करार झाला तो १९८३ साली. या सगळ्या वादात मुख्य प्रश्न नोकऱ्यांचा होता, आणि तो रास्तच होता. यंत्र आल्यानंतर त्यातल्या नोंदीवरून कामगाराला जबाबदार धरायचे झाले, तर ती नोंद पारखायची कशी, हा प्रश्न मात्र मागे राहिला, असे आम्हांला वाटते.

खतावणी आणि तिची सूची

किराणा दुकानदाराची खतावणी आपण पाहिली असेल. पुढच्या पानांवर सूची असते : गिऱ्हाईकाचे नाव आणि पानाचा आकडा. मागे ज्याचे त्याचे खाते. मेनफ्रेमवरील ‘पार्टिशन्ड डेटासेट’ ही अशीच एक खतावणी आहे. काम करणारी मंडळी तिला ‘पीडीएस’ किंवा नुसते ‘लायब्ररी’ म्हणतात. तिच्यातल्या प्रत्येक मजकुराला ‘मेंबर’ म्हणतात. आमच्या शब्दकोशात मेंबर म्हणजे वर्गणी भरणारा सभासद; इथे मेंबर म्हणजे एखादा प्रोग्राम, रात्री चालवावयाच्या कामाची हुकूमपत्रिका, किंवा व्याजाच्या दरांचा तक्ता. प्रत्येकाला जास्तीत जास्त आठ अक्षरांचे नाव असते.

या खतावणीच्या सूचीला ‘डिरेक्टरी’ म्हणतात. तिची पाने ठरावीक मापाची असतात : प्रत्येक पान २५६ बाइटांचे. बाइट म्हणजे इंग्रजी एक अक्षर मावेल एवढी जागा. पहिले दोन बाइट पानावर किती जागा वापरली गेली हे सांगण्यात जातात, उरतात २५४. सूचीतल्या एका ओळीत प्रथम नावासाठी ८ बाइट. मग ३ बाइटांचा पत्ता. हा मजकूर तबकडीवर कोणत्या पट्ट्यात, त्या पट्ट्यात कितव्या जागी सुरू होतो, हे त्यात असते. मग एक बाइट, ज्यात पुढे आणखी किती माहिती जोडली आहे हे लिहिलेले असते. आणि शेवटी ती जोडमाहिती. ती मुळीच नसली तरी चालते, असलीच तर जास्तीत जास्त ६२ बाइट. ओळी नावाच्या वर्णक्रमाने लावलेल्या असतात.

आता थोडे गणित करू. जोडमाहिती नसेल तर एक ओळ १२ बाइटांची. २५४ला १२ने भागले की एका पानावर २१ नावे बसतात. पण ‘कोणी, केव्हा, किती’ ही माहिती जोडली की तिला साधारणपणे ३० बाइट लागतात. ओळ ४२ बाइटांची होते आणि त्याच पानावर ६च नावे मावतात. सूचीला किती पाने द्यायची हे लायब्ररी तयार करतानाच सांगावे लागते, आणि मागाहून ती सहज वाढविता येत नाहीत. दहा पाने दिली असतील तर बिनसहीची सुमारे २१० नावे बसतील, सहीची सुमारे ६०. खतावणीत कोरी पाने शेकड्यांनी असली तरी सूची भरली म्हणजे नवे खाते उघडता येत नाही. सूचीत सही ठेवणे हा खर्च आहे, आणि म्हणूनच यंत्र बनविणाऱ्यांनी ती सक्तीची केली नाही, ऐच्छिक ठेवली. पुढची सगळी गुंतागुंत या ऐच्छिकपणातून निघते.

नवे पान लिहिण्याची रीत

मेंबर बदलायचा म्हणजे काय करायचे? आपली समजूत अशी की, जुना मजकूर खोडून तिथेच नवा लिहिला जात असेल. तसे होत नाही. प्रोग्राम नवा मजकूर खतावणीच्या शेवटी, जिथे कोरी जागा सुरू होते तिथे लिहितो. पूर्ण लिहून झाला की सूचीतल्या त्या नावापुढचा पत्ता बदलतो. जुना मजकूर जागच्या जागी पडून राहतो. फक्त सूची आता त्याच्याकडे बोट दाखवीत नाही.

यात शहाणपण आहे. लिहिता लिहिता मध्येच यंत्र बंद पडले तर सूची अजून जुन्याच पानाकडे बोट दाखवीत असते आणि जुने पान शाबूत असते. त्याची किंमत अशी की, दर दुरुस्तीला नवी जागा लागते आणि टाकलेली पाने साचत जातात. ती काढून लायब्ररी पुन्हा दाबून बसविण्यासाठी आयईबीकॉपी नावाचे एक साधन आहे. ते चालू असताना दुसऱ्या कोणी लायब्ररीला हात लावता कामा नये, आणि ते चालविण्यापूर्वी तिची एक प्रत काढून ठेवावी, हे अनुभवी माणूस कधी विसरत नाही. कारण पाने सरकविताना मध्येच काम थांबले तर लायब्ररी बिघडू शकते.

सूचीची ओळ बदलण्याच्या हुकमाला ‘स्टो’ म्हणतात. सामान जागच्या जागी नीट लावून ठेवणे, हा त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ. नवी ओळ घाला, असलेली ओळ बदला, काढून टाका, किंवा नुसते नाव बदला, अशा आज्ञा त्यातून देता येतात. हुकूम देऊन झाला की यंत्र एक आकडा परत करते. ० म्हणजे काम झाले. ४ म्हणजे नवी म्हणून घालायला सांगितलेले नाव आधीच सूचीत आहे. ८ म्हणजे सांगितलेले नाव सापडले नाही. १२ म्हणजे सूचीत जागाच उरली नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याने हा आकडा वाचला पाहिजे. न वाचता पुढे गेलेला प्रोग्राम ‘सर्व ठीक’ असे कळवून मोकळा होईल; नवा मजकूर तबकडीवर असेल, पण सूचीत त्याचा पत्ता नसेल, आणि सकाळी दुसरी पाळी जुनाच मजकूर नवा समजून वापरील.

आता एक प्रश्न विचारू. सामान्य प्रोग्राम स्वतः ‘स्टो’ म्हणतो काय? बहुधा नाही. कोबोलसारख्या भाषेतल्या प्रोग्रामला हुकूमपत्रिकेतून अमुक लायब्ररीतील अमुक मेंबर एवढे सांगितलेले असते. तो ओळी लिहितो आणि शेवटी फाइल बंद करतो. बंद करण्याच्या क्षणी यंत्र त्याच्या वतीने सूची बदलते. मात्र बदलते ती नाव आणि पत्ता एवढ्यापुरती. जोडमाहिती त्याला कोणी दिलेलीच नसते. त्यामुळे आधी त्या ओळीत सही, तारीख, ओळींची संख्या असेल, तर ती सगळी जाते. मजकूर नवा, सूचीत सहीची जागा कोरी.

याच्या उलट प्रकारही आहे. मजकुरातील एकादी ओळ तेवढ्याच लांबीच्या दुसऱ्या ओळीने जागच्या जागी बदलायची असेल, तर लायब्ररी ‘दुरुस्तीसाठी’ उघडून प्रोग्राम ती ओळ वाचतो आणि त्याच जागी परत लिहितो. पत्ता बदलत नाही, म्हणून सूचीला हात लागत नाही. सूचीत मागच्या वर्षीची तारीख आणि मागच्या वर्षीच्या माणसाचे नाव जसेच्या तसे राहते, आणि व्याजाचा दर मात्र आज बदललेला असतो. पहिल्या प्रकारात साक्षीदार गप्प बसतो. या दुसऱ्या प्रकारात तो शिळी हकीकत ताजी म्हणून सांगतो. दुसरा प्रकार अधिक घातक होय.

सूचीच्या ओळीतील सही

ही जोडमाहिती मुळात येते कुठून? पडद्यावर बसून मजकूर लिहिण्यासाठी आयएसपीएफ नावाची सोय आहे. माणूस तिथे मेंबर उघडून दुरुस्ती करतो आणि जतन करतो, तेव्हा ही सोय त्या ३० बाइटांत पुढील गोष्टी लिहिते : आवृत्तीचा क्रमांक आणि दुरुस्तीचा क्रमांक, मेंबर प्रथम तयार झाल्याची तारीख, शेवटच्या बदलाची तारीख व वेळ, आज ओळी किती, आरंभी किती होत्या, बदललेल्या किती, आणि बदल करणाऱ्याचे यंत्रावरील ओळखनाव. दुरुस्तीचा क्रमांक दुरुस्त्या होत जातील तसा वाढतो आणि ९९वर जाऊन थांबतो. मेंबरांची यादी पडद्यावर उघडली की नावापुढे ही माहिती ओळीने दिसते, आणि पाहणाऱ्याला ती यंत्राने प्रमाणित केलेली वाटते.

वस्तुतः यंत्राच्या मूळ व्यवस्थेला या ३० बाइटांतील अर्थ माहीत नसतो. तिच्या लेखी ती जोडमाहिती. काय ठेवाल ते ती जपून ठेवील. अर्थ लावते ती आयएसपीएफ. आणि हीच सोय प्रोग्रामलाही वापरता येते. रेक्स नावाच्या सुटसुटीत भाषेत दहावीस ओळी लिहून मेंबर बदलता येतो. त्याची योग्य रीत आम्ही क्रमाने सांगतो.

प्रथम लायब्ररीचे नाव देऊन यंत्राकडून तिच्यासाठी एक खूण मिळवावी. मग मेंबर शोधून त्याची जुनी माहिती वाचून घ्यावी : तयार झाल्याची तारीख कोणती, आरंभी ओळी किती, दुरुस्तीचा क्रमांक कितवा. हे आधी वाचले नाही तर पुढे ते हातचे जाते. त्यानंतर लायब्ररी लिहिण्यासाठी उघडावी आणि नव्या ओळी एकेक करून टाकाव्यात. सगळ्या टाकून झाल्या म्हणजे ‘हा मेंबर आता जुन्याच्या जागी’ असा हुकूम द्यावा. त्याचे नाव एलएमएमरेप. त्या वेळी ‘माहितीसह’ असे सांगितले तर प्रोग्रामने तयार ठेवलेल्या किमती सूचीत जातात. निर्मितीची तारीख व आरंभीची संख्या जुनीच ठेवावी, दुरुस्तीचा क्रमांक एकाने वाढवावा, तारीख व वेळ आजची, ओळींची संख्या मोजून, आणि ओळखनाव ज्याच्या अधिकाराने काम चालले आहे त्याचे. दर पायरीला परत आलेला आकडा तपासावा. शेवटी लायब्ररी बंद करून खूण परत करावी. मजकुराला न शिवता नुसती माहितीच बदलायची असेल तर एलएमएमस्टॅट्स नावाचा स्वतंत्र हुकूम आहे.

श्रोतेहो, हे शेवटचे वाक्य पुन्हा एकदा ऐका. मजकुराला न शिवता माहिती बदलता येते. त्या हुकमाला तारीख सांगता येते, वेळ सांगता येते, ओळींची संख्या सांगता येते, आणि बदल करणाऱ्याचे नावही सांगता येते. ज्याला त्या लायब्ररीत लिहिण्याचा अधिकार आहे, तो तिच्या सूचीत कोणाचेही नाव लिहू शकतो. यात कंपनीने काही लपविलेले नाही. हस्तपुस्तकात ते स्वच्छ छापलेले आहे. प्रामाणिक कामासाठी ही सोय लागतेच, कारण हरवलेली माहिती परत घालायची असते, दुसऱ्या यंत्रावरून आणलेल्या मजकुराची मूळ तारीख टिकवायची असते. पण सूचीतील सही ही हाताने केलेल्या सहीसारखी नाही, दुसऱ्याने भरलेल्या फॉर्मवरच्या नावासारखी आहे, हे तिच्यावरून निवाडा करणाऱ्याला ठाऊक पाहिजे.

रुमाल टाकून धरलेली जागा

दोन प्रोग्राम, किंवा एक माणूस आणि एक प्रोग्राम, एकाच वेळी एकच मेंबर बदलू लागले तर? त्यासाठी यंत्रात अडसराची सोय आहे. आयएसपीएफ मेंबर उघडताना लायब्ररीचे आणि मेंबरचे नाव घेऊन ‘ही जागा माझी’ असे यंत्राला कळविते. दुसरा कोणी तीच जागा मागू लागला तर त्याला थांबावे लागते. पण अडसर लागतो तो मागणाऱ्यालाच. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून आपण जागा धरतो. ती टिकते, कारण दुसराही रुमालाचा मान राखतो. न पाहता येऊन बसणाऱ्याला रुमाल उठवू शकत नाही. तसेच जो प्रोग्राम ही मागणी न करता सरळ लिहायला लागतो, त्याला या अडसराचा अटकाव होत नाही. मग जो शेवटी सूची बदलील त्याचा मजकूर राहतो. आधीच्याचे श्रम कोणालाही न कळता नाहीसे होतात, आणि यादीत नाव दिसते शेवटच्याचे. म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्याने आयएसपीएफ ज्या नावाने अडसर मागते त्याच नावाने मागितला पाहिजे, किंवा संपूर्ण लायब्ररीच त्या वेळेपुरती एकट्याकडे घेतली पाहिजे.

नाव एकाचे, काम दुसऱ्याचे

आता हे सगळे आम्ही कशासाठी शिकलो ते सांगतो. आमच्या एका तरुण सभासदावर आरोप आला की, त्याने परवानगी नसताना चालू कामाच्या लायब्ररीतील एक मेंबर बदलला आणि त्यामुळे रात्रीचे काम चुकले. कंपनीचे नाव इथे घेण्याचे कारण नाही. पुरावा एकच : पडद्यावरील यादीचा छापील कागद. मेंबरच्या नावापुढे तारीख, वेळ आणि आमच्या सभासदाचे ओळखनाव. चौकशी अधिकारी म्हणाले, “यंत्र खोटे बोलत नाही.”

आम्ही म्हणालो, “साहेब, यंत्र खोटे बोलत नाही हे मान्य. पण ते काय बोलले आहे ते आपण दोघांनी मिळून वाचू या.” मेंबर एका लायब्ररीतून दुसरीत नेण्यासाठी आयईबीकॉपी हे साधन वापरतात, आणि ते सूचीची ओळ जोडमाहितीसकट उचलून नेते. आमच्या सभासदाने तो मेंबर चाचणीच्या लायब्ररीत बदलला होता. ते त्याचे नेमून दिलेले कामच होते, आणि तारीख-वेळ त्या कामाची होती. चाचणीतून चालू कामाच्या लायब्ररीत मजकूर केव्हा आणि कोणी नेला, याविषयी त्या ओळीत एक अक्षरही नव्हते, असूही शकत नव्हते. कागद खरा होता. प्रश्न मात्र दुसऱ्याच गोष्टीचा होता.

मग आम्ही दोन गोष्टी मागितल्या. पहिली, त्या लायब्ररीत लिहिण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे त्याची यादी. हे अधिकार बहुधा आरएसीएफ नावाच्या व्यवस्थेत नोंदलेले असतात. दुसरी, एसएमएफ या नावाने यंत्र स्वतः जी दैनंदिनी ठेवते तिच्यातील नोंदी. कोणत्या कामाने कोणता डेटासेट केव्हा लिहिण्यासाठी उघडला, याची नोंद तिथे १५ क्रमांकाच्या प्रकारात होते. ही नोंद मेंबरच्या सूचीत नसते, आणि लायब्ररीत लिहिण्याचा अधिकार असलेल्याला ती बदलता येत नाही. दैनंदिनी काढली तेव्हा दिसले की, आमच्या सभासदाने चालू कामाची लायब्ररी त्या आठवड्यात लिहिण्यासाठी उघडलीच नव्हती. मजकूर नेला होता वेळापत्रकाने चालणाऱ्या एका कामाने, आणि ते काम कोणा व्यक्तीच्या नव्हे, विभागाच्या सामाईक ओळखनावाने चालत होते. आरोप मागे घेतला गेला. दुसऱ्या एखाद्या कामगाराला त्या जागी उभे करू नये, हेही आम्ही तिथेच सांगितले. चूक रचनेची होती.

मागणी काय करावी?

पुढे या खतावणीची सुधारलेली जात आली आहे; तिला पीडीएसई म्हणतात. तिची सूची गरजेप्रमाणे वाढते, टाकलेली जागा पुन्हा वापरली जाते, दाबून बसविण्याचे काम उरत नाही. झेड/ओएसच्या २०१३ साली आलेल्या २.१ या आवृत्तीपासून तिच्यात मेंबरच्या मागच्या पिढ्या राखून ठेवण्याची सोयही आहे. मात्र किती पिढ्या ठेवायच्या ते आधी ठरवून दिले असेल तरच. या सुधारणा चांगल्या आहेत. परंतु ‘कोणी बदलले’ हे सांगणारी माहिती तिथेही प्रोग्राम जे सांगेल तेच धरून बसते. यंत्र नवे घेतले म्हणून हा प्रश्न सुटत नाही. तो कामाच्या शिस्तीने सोडवावा लागतो.

म्हणून आम्ही आमच्या सभासदांना तीन गोष्टी सांगतो. सामाईक लायब्ररीत लिहिणारा प्रोग्राम तुम्ही लिहीत असाल, तर मजकुराबरोबर सूचीची माहितीही लिहा. जुनी वाचून, नवी मोजून, आणि अडसर मागून. ते काम दुय्यम समजू नका. तुमच्यानंतरच्या पाळीतल्या माणसाचे संरक्षण त्यात आहे. दुसरे, प्रोग्रामने बदल केला असेल तर ओळखनाव प्रोग्रामच्या कामाचेच दिसू द्या. सोयीसाठी एखाद्या माणसाचे नाव त्यात घालू नका. तिसरे, सूची भरत आली आहे काय, ‘स्टो’ने परत दिलेला आकडा कोण वाचतो, याकडे लक्ष ठेवा.

आणि व्यवस्थापनाकडे आमची मागणी एकच आहे. सूचीतील ओळ हा तपासाचा आरंभ माना, शेवट मानू नका. निव्वळ तिच्या आधारावर कोणालाही आरोपपत्र देऊ नये; तिच्याबरोबर यंत्राची स्वतंत्र दैनंदिनी आणि अधिकारांची यादी जोडलेली असावी, ती कामगाराला पाहावयास मिळावी, आणि चौकशी पुरी होईपर्यंत ती पुसली जाऊ नये. दैनंदिनी कायमची ठेवली जात नाही, ठरावीक मुदतीनंतर ती जाते. म्हणून आरोप आल्याबरोबर लेखी अर्ज करून ती मागावी. उशीर झाला तर निरपराधपणाचा पुरावाच नाहीसा होतो.

आपल्यापैकी बहुतेकांचा मेनफ्रेमशी प्रत्यक्ष संबंध येणार नाही. पण सातबारा आता संगणकावर आहे, शिधापत्रिका संगणकावर आहे, निवृत्तिवेतन संगणकावर आहे. उद्या एखाद्या खिडकीवर आपल्याला कोणी सांगेल की, ‘नोंदीत असे दिसते.’ तेव्हा रागावू नये, आणि मान खाली घालून परतही येऊ नये. शांतपणे विचारावे : ही नोंद कोणत्या कामाच्या वेळी झाली? ती माणसाने केली की प्रोग्रामने? मजकूर बदलला तेव्हाच ती बदलली काय? आणि हे ताडून पाहायला दुसरी कोणती वही आहे? एवढे चार प्रश्न लिहून खिशात ठेवावेत, अशी आपल्याला विनंती आहे.